लष्कराच्या भाकऱ्या कीं नागरिकाचें कर्तव्य ?

आमच्या एका जुन्या वाचकांचें पत्र गेल्या आठवड्यांत आमच्या हातीं आलें. सदर गृहस्थ कापडाचे व्यापारी असून त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत कित्येक वर्षें स्थायिक झाले आहेत. त्यांच्या तेरा वर्षांच्या नातवानें तेथील ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ नांवाच्या संस्थेंत नांव घालण्याचा हट्ट धरला आहे. आणि खुद्द चिरंजीवांपाशीं विमान चालविण्याचा परवाना असल्यामुळें त्यांच्याहि मनांत तोच विचार घोळत आहे. आजोबांस मात्र हें मुळींच पसंत नाहीं. पगार नाहीं, पेन्शन नाहीं. उलट वर्गणी आपणच भरावयाची, गणवेश आपणच विकत घ्यावयाचा, आणि जिवाचा धोका पत्करून डोंगरदऱ्यांत हरवलेलीं विमानें शोधीत फिरावयाचें. पदरमोड करून लष्कराच्या भाकऱ्या भाजण्याचा हा उद्योग आमच्या घरांत कशाला, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे, व त्यावर आम्हीं आपला अभिप्राय द्यावा अशी त्यांची इच्छा आहे.

प्रश्न वरवर पाहतां एका घराचा दिसतो. पण तो तेवढाच नाहीं. पुण्यामुंबईच्या आणि नाशिककोल्हापूरच्या हजारों कुटुंबांची एक पाती आज सातासमुद्रांपलीकडे नांदत आहे. त्या पातीनें परदेशांत राहून केवळ वेतन घ्यावें, कीं ज्या देशाचें नागरिकत्व पत्करलें त्याच्या सार्वजनिक कामांतहि आपला वांटा उचलावा, हा यांतील मूळ मुद्दा आहे. शिवाय, पगारी नोकर नसलेल्या सामान्य माणसानें राज्यकारभाराच्या कामांत कितपत हात घालावा, हा प्रश्न अमेरिकेइतकाच आमचाहि आहे. म्हणून दोन्ही बाजूंचा पुरावा वाचकांपुढें ठेवून मग निकाल सांगावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही संस्था काय आहे तें पाहूं. तिची स्थापना झाली १ डिसेंबर १९४१ रोजीं. म्हणजे जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला त्याच्या अवघ्या सहा दिवस आधीं. युरोपांत युद्ध पेटलें होतें. अमेरिका आज ना उद्यां त्यांत ओढली जाणार, आणि तसें झालें म्हणजे खासगी विमानांना जमिनीवर बसून राहण्याचा हुकूम सुटणार, हें न्यू जर्सी संस्थानाच्या विमानखात्याचे प्रमुख गिल रॉब विल्सन यांनीं ओळखलें होतें. ज्या हजारों नागरिकांस उडतां येतें व ज्यांच्यापाशीं स्वतःचीं विमानें आहेत त्यांना घरीं बसविण्याऐवजीं देशाच्या कामीं लावावें, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यूयॉर्कचे नगराध्यक्ष फिओरेलो ला गार्डिया हे त्या वेळीं नागरी संरक्षणाच्या कचेरीचेहि प्रमुख होते. पहिल्या महायुद्धांत ते स्वतः वैमानिक होते. त्यामुळें योजनेचें मर्म त्यांना समजावून सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं ती उचलून धरली आणि संस्था अस्तित्वांत आली.

१९४२ च्या आरंभीं जर्मन पाणबुड्यांनीं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत तेलवाहू जहाजांचा संहार मांडला. गस्तीसाठीं आरमारापाशीं पुरेशीं विमानें नव्हतीं. तेव्हां मार्च १९४२ पासून ऑगस्ट १९४३ पर्यंत या स्वयंसेवकांनीं एकवीस तळांवरून किनाऱ्याची गस्त घातली. विमानें लहान, एकइंजिनी, व पुष्कळदां स्वतःच्या मालकीचीं; तीं समुद्रावर दूरवर न्यावयाचीं, आणि इंजिन बंद पडलें तर पाण्यांत उतरण्यावांचून गति नाहीं ! वैमानिकास दिवसाला आठ डॉलर व जमिनीवर काम करणारास पांच डॉलर भत्ता ठरला होता. तोहि पुष्कळ वेळां उशिरां हातीं पडे. ज्यांचीं जहाजें बुडत होतीं त्या तेलव्यापाऱ्यांपैकीं कांहींनीं आरंभींच्या खर्चास हातभार लावला, हें आमच्या व्यापारी वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. या किनारी गस्तींत सव्वीस माणसें कामास आलीं. सबंध युद्धांत संस्थेनें साठांहून अधिक सभासद गमावले. २०१४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें या युद्धकालीन सभासदांस आपलें सुवर्णपदक देऊन त्यांच्या सेवेचा गौरव केला. पण तोंपर्यंत सत्तर वर्षें लोटलीं होतीं व पदक पाहण्यास त्यांतील थोडेच उरले होते.

येथें एक गोष्ट सांगणें आमच्या पेशास धरून होईल. या स्वयंसेवकांनीं दोन पाणबुड्या बुडविल्या असें पुष्कळ वर्षें सांगितलें जात असे. पुढें इतिहासकारांनीं जर्मन दप्तरें चाळून पाहिलीं, तेव्हां त्या दाव्यास आधार मिळाला नाहीं. म्हणून त्या माणसांची थोरवी कमी होते काय ? आमच्या मतें नाहीं. डोक्यावर विमान घिरट्या घालूं लागलें म्हणजे पाणबुडीला पाण्याखालीं दडावें लागे, आणि दडलेल्या पाणबुडीला जहाजाची शिकार कठीण जाई. गस्तीचें खरें काम एवढेंच होतें व तें त्यांनीं केलें. पराक्रमाची अतिशयोक्ति करणाऱ्या जाहिरातीवर भाळून कोणत्याहि संस्थेंत जाऊं नये, हा धडा मात्र यांतून अवश्य घ्यावा.

युद्ध संपल्यावर १९४६ सालीं कायद्यानें या संस्थेस परोपकारी व बिननफ्याच्या संस्थेचें रूप मिळालें, आणि मे १९४८ मध्यें दुसऱ्या कायद्यानें ती नव्यानें स्थापन झालेल्या वायुदलाची सहायक संस्था ठरली. प्रत्यक्ष लढाईचें काम मात्र तिच्याकडून कायमचें काढून घेण्यांत आलें. पुढें २००० सालच्या कायद्यानें असें स्पष्ट केलें कीं, संघराज्याच्या एखाद्या खात्याचें काम ही संस्था करीत असेल तेव्हांच ती वायुदलाची सहायक मानावी. एरवीं ती नागरिकांची खासगी संस्था होय. तिचीं कामें तीन : संकटसमयीं मदत, मुलांचें शिक्षण, व विमानविद्येचा प्रसार. आज तिचे सभासद साठ हजारांहून अधिक असून तिच्यापाशीं सुमारें साडेपांचशें एकइंजिनी विमानें आहेत. पूर्वींप्रमाणें सभासदानें स्वतःचें विमान आणावयाचें अशी आतां रीत राहिलेली नाहीं. बहुतेक काम संस्थेच्याच सेसना विमानांतून चालतें. याप्रमाणें वस्तुस्थिति आहे. आतां पक्ष व प्रतिपक्ष पाहूं.

अनुकूल बाजूचा पहिला व सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे प्रत्यक्ष सेवा. अमेरिकेंत देशाच्या अंतर्भागांत विमान हरवलें, वाटसरू डोंगरांत चुकला, कीं वायुदलाच्या शोधकचेरीकडून हुकूम सुटतो आणि बहुतांश वेळां तो या स्वयंसेवकांकडेच जातो. कोणी शिक्षक, कोणी दुकानदार, कोणी निवृत्त कारकून. हातचें काम टाकून ते धांवतपळीकडे निघतात. एका विमानांत सामान्यतः तीन माणसें असतात. एकानें विमान हांकावयाचें, दुसऱ्यानें मार्ग व तारायंत्र सांभाळावयाचें, तिसऱ्यानें खिडकींतून खालच्या रानावरून नजर ढळूं द्यावयाची नाहीं. सारा मुलूख चौकटींत वांटून, एकेक चौकट विंचरून काढावी लागते. १२ सप्टेंबर २००१ रोजीं, न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले त्याच्या दुसऱ्या दिवशीं, सर्व नागरी विमानें जमिनीवर खिळलीं असतांना या संस्थेचें एक लहान विमान त्या जागेवर उडालें व त्यानें काढलेलीं छायाचित्रें मदतकार्यास उपयोगीं पडलीं. २००५ सालच्या कॅटरिना वादळांत व २०२० सालच्या महामारींतहि हीं माणसें कामांत होतीं. अशा कामाची किंमत रुपयांत वा डॉलरांत करतां येत नाहीं. पण ज्या घरचें माणूस जिवंत परत येतें त्या घराला ती बरोबर कळते.

दुसरा पुरावा मुलांच्या हिताचा. बारा वर्षें पुरीं झालेल्या व एकोणीस वर्षांखालील मुलामुलींस येथें ‘कॅडेट’ म्हणून घेतात व एकविसाव्या वर्षापर्यंत त्यांस राहतां येतें. आठवड्यांतून एक संध्याकाळ, महिन्यांतून एखादा शनिवार, व उन्हाळ्यांत आठवडाभराचें शिबिर असा साधारण क्रम असतो. कवाईत, व्यायाम, विमानविद्या व नेतृत्व हे विषय शिकवितात. प्रत्येक कॅडेटास अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वीं पांच वेळां इंजिनाच्या व पांच वेळां बिनइंजिनाच्या विमानांतून अनुभवासाठीं नेण्याची सोय आहे व तिचें शुल्क घेत नाहींत. कांहीं निवडक मुलांना वैमानिकाच्या परवान्यापर्यंतचें शिक्षणहि मदत देऊन पुरविलें जातें. सोळा वर्षांचा मुलगा बारा वर्षांच्यांस शिकवितो, आणि आपल्या चुकीचा जाब आपणच देतो. घरांत आईबापांच्या पंखाखालीं व शाळेंत गुणांच्या ओझ्याखालीं वाढणाऱ्या आमच्या मुलांस हें शिक्षण दुसरीकडे क्वचितच मिळतें.

तिसरा पुरावा सुधारकांस विशेष रुचेल असा आहे. ज्या काळीं अमेरिकेच्या सैन्यांत काळ्या लोकांस वेगळें बसविलें जात होतें, त्या १९४२ सालीं शिकागोच्या विला ब्राऊन या कृष्णवर्णी विदुषी या संस्थेच्या अधिकारी झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या आपल्या समाजांतील पहिल्याच. त्या स्वतः वैमानिक होत्या आणि त्यांनीं पुष्कळ तरुणांस उडावयास शिकविलें. संस्था त्या वेळीं सर्वस्वी निष्कलंक होती असें आम्ही म्हणत नाहीं. किनारी गस्तीवर उडण्यास स्त्रियांना मनाईच होती. परंतु कॅडेटांत मुलींना आरंभापासून स्थान मिळालें व आज कोणतेंहि काम त्यांना वर्ज्य नाहीं. सेवेचें दार उघडलें म्हणजे जातीचीं व वर्णाचीं दारें फार काळ बंद ठेवतां येत नाहींत, याचा हा दाखला आहे.

आतां प्रतिकूल बाजू. आणि तीहि हलकी नाहीं. पहिला आक्षेप पैशाचा व वेळेचा. पुष्कळ लोक विमान उडविण्याच्या आशेनें येथें येतात आणि निराश होतात. कारण प्रौढ सभासदास अगदीं मुळापासून उडावयास शिकविणें हें या संस्थेचें कामच नाहीं. परवाना ज्यानें त्यानें आपल्या खर्चानें मिळवावयाचा. त्यासाठीं अमेरिकेच्या नियमांप्रमाणें निदान चाळीस तास उड्डाण करावें लागतें, व्यवहारांत त्याहून पुष्कळ अधिक लागतात, आणि खर्च सहज दहा हजार डॉलरांच्या वर जातो. परवाना हातीं आल्यावरहि शोधकामासाठीं विमान मिळावयाचें तर आणखी अनुभव, आणखी परीक्षा, व दरसाल फेरतपासणी. त्यांतच नव्या यंत्रांनीं शोधाची तऱ्हाच पालटली आहे. विमानांतील संकटसूचक यंत्राची हांक उपग्रह ऐकतात. हरवलेल्या माणसाच्या खिशांतील फोनवरून व रडारच्या नोंदींवरून कांहीं थोडे तज्ज्ञ सभासद घरीं बसून त्याचा ठावठिकाणा काढतात. लोकांचे प्राण लवकर वांचतात हें चांगलेंच. पण ज्याला केवळ उडावयाचें आहे त्याच्या वांट्याला खुर्चीवर बसून कागद भरण्याचेंच काम अधिक येईल, हें त्यानें आधींच समजून असावें.

दुसरा आक्षेप धोक्याचा. वाचकांनीं ‘स्वयंसेवक’ या सौम्य शब्दानें फसूं नये. नोव्हेंबर २००७ मध्यें नेवाडा संस्थानांत रात्रीं उडत असतां या संस्थेचें एक विमान डोंगरावर आदळलें व त्यांतील दोघेहि अनुभवी वैमानिक मृत्यु पावले. नोव्हेंबर २०२४ मध्यें कोलोरॅडोच्या पहाडांत छायाचित्रणाच्या सरावासाठीं गेलेलें विमान पडून दोघे ठार झाले व तिसरा जबर जखमी झाला. लहान विमान, कमी उंची, खालीं डोंगर, व नजर शोधण्यांत गुंतलेली. एवढें एकत्र आलें म्हणजे चुकीला क्षमा नसते. अपघात झाल्यास वायुदलानें सोंपविलेल्या कामावर असलेल्या प्रौढ सभासदास संघराज्याच्या भरपाईच्या कायद्याचा आधार मिळतो. पण सर्वच कामांस तो सारखा लागू नाहीं. आम्ही वकील या नात्यानें आग्रहानें सांगतों कीं, ज्याच्यावर कुटुंब अवलंबून आहे त्यानें विमानांत पाय ठेवण्यापूर्वीं आपला आयुर्विमा काढून त्यांतील लहान अक्षरें वाचावीं. खासगी विमानांतील मृत्यूस कांहीं विमापत्रांत अपवाद घातलेला असतो, आणि तो बहुधा विधवेलाच प्रथम कळतो.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा. वायुदलासारखा गणवेश, हुद्दे, सलाम. हें सारें कोवळ्या मुलाला नकळत सैन्याकडे ओढीत नाहीं काय? ओढतें, हें कबूल केलेंच पाहिजे. कॅडेटावर सैन्यांत जाण्याचें कायदेशीर बंधन मुळींच नाहीं. परंतु ठराविक पायरी गांठलेला कॅडेट वायुदलांत शिरला तर त्यास वरचा दर्जा मिळतो, व वायुदलाच्या विद्यालयांत अशा माजी कॅडेटांचा भरणा बराच असतो. दुसरें असें कीं, १९८० नंतरच्या दशकांत ही संस्था मादक द्रव्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध टेहळणीच्या कामींहि सरकारला साहाय्य करूं लागली. सभासदानें कोणास पकडावयाचें नाहीं, शस्त्र धरावयाचें नाहीं, असा निर्बंध आहे. तरीहि वरून शेजाऱ्याच्या शेतावर नजर ठेवणें आणि हरवलेल्या शेजाऱ्याला शोधणें, यांत नीतीचें अंतर आहे. परसत्तेच्या गुप्त टेहळणीचा अनुभव ज्या राष्ट्रानें घेतला त्या राष्ट्राच्या संततीनें हें अंतर विसरूं नये. ज्यास असलें काम मान्य नसेल त्यानें तें पत्करूं नये. संस्थेंत दुसरीं कामें भरपूर आहेत.

चौथा आक्षेप मनुष्यस्वभावाचा. जेथें पगार नाहीं तेथें मानासाठीं भांडणें होतात. खांद्यावर चिन्ह लागलें कीं कांहींना आपण सेनापति झालों असें वाटूं लागतें. वस्तुतः या हुद्द्यानें खऱ्या सैन्यांतील शिपायावरहि अधिकार चालत नाहीं. कागदपत्रें, परीक्षा व परवानग्या यांचें जाळें तर इतकें दाट आहे कीं, उत्साही माणूस वर्षभरांत कंटाळून निघून जातो. या शेवटच्या गोष्टीस आम्ही मात्र निव्वळ दोष समजत नाहीं. प्रौढ सभासदाचे बोटांचे ठसे घेऊन त्याचें पूर्वचरित्र तपासलें जातें, व मुलांच्या रक्षणासंबंधीं त्याला शिक्षण घ्यावें लागतें. ज्या संस्थेच्या स्वाधीन लोकांचीं मुलें केलेलीं असतात तिनें एवढी कडक चाळण लावणें हें तिच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय. आमच्याकडील कित्येक संस्थांनीं हा गुण उचलण्यासारखा आहे.

दोन्ही बाजू ऐकल्यावर आमचा निकाल असा आहे. ज्याला स्वस्तांत विमान उडवावयाचें आहे त्यानें या वाटेस जाऊं नये. त्यानें सरळ एखाद्या फ्लाइंग क्लबांत पैसे भरावे. आपला जुहूचा क्लब असल्याच कामासाठीं निघाला, आणि १९२९ सालीं जे. आर. डी. टाटा यांस हिंदुस्थानांतील पहिला परवाना मिळाला तो अशाच मार्गानें. परंतु ज्याला उडतां येतें, ज्याच्या घरची व्यवस्था लागलेली आहे, आणि जो महिन्यांतले कांहीं दिवस कागद भरण्यासहि तयार आहे, त्यानें अवश्य जावें. विमान हें तेथील एक साधन आहे; हेतु उपयोगीं पडण्याचा असला पाहिजे. उपयोगीं पडण्यासाठीं गेलेल्या माणसाला अधूनमधून उडावयास मिळालें तर तो आनंद मानतो. उडण्यासाठीं गेलेल्याला उपयोगीं पडण्याचें काम ओझें वाटतें.

मुलाबाबत तर आम्ही अधिक निःशंकपणें सांगतों कीं, त्यास जाऊं द्यावें. मात्र तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, आईबापांनीं प्रथम स्वतः त्या तुकडीच्या दोनतीन बैठकी पाहून याव्या. कारण संस्था एक असली तरी प्रत्येक तुकडीचा गुण तिच्या चालकांवर अवलंबून असतो. दुसरी, शाळेचा अभ्यास मागें पडत असेल तर मुलानें एक वर्ष थांबावें; विमानें कोठें पळून जात नाहींत. तिसरी, पुढें सैन्यांत जावें कीं नाहीं हा निर्णय मुलगा वयांत आल्यावर त्याचा त्यानें करावा. त्यांत तुकडीच्या चालकानें भीड घालूं नये व आजोबांनींहि घालूं नये. एक कायद्याची गोष्टहि येथें सांगून ठेवतों. सभासदत्व सर्वसाधारणपणें अमेरिकेचे नागरिक व तेथें कायम वास्तव्याचा हक्क मिळालेले लोक यांच्यासाठींच आहे. तात्पुरत्या परवान्यावर गेलेल्या कुटुंबांनीं मुलास आशा लावण्यापूर्वीं याचा खुलासा करून घ्यावा.

आतां आजोबांच्या मूळ सवालाकडे वळूं. लष्कराच्या भाकऱ्या आम्हीं कां भाजाव्या, असें ते विचारतात. त्यांना आम्ही एका जुन्या अपमानाची आठवण देतों. १८८५ सालीं रशियाच्या स्वारीची हूल उठली, तेव्हां देशांतील सुशिक्षितांनीं स्वयंसेवक पलटणींत आमचींहि नांवें घ्या असें सरकारास विनविलें. गोऱ्यांना व अर्धगोऱ्यांना ती मुभा होती. आमच्या लोकांना ती नाकारण्यांत आली. पुढल्याच वर्षीं कलकत्त्यास भरलेल्या राष्ट्रीय सभेला हा हक्क मागण्याचा ठराव करावा लागला. पगाराशिवाय देशाचें रक्षण करूं द्या, ही मागणी सरकारनें कां झिडकारली ? कारण बिनपगारी सेवा करूं देणें म्हणजे त्या माणसाला विश्वासास पात्र ठरविणें, आणि विश्वासास पात्र ठरलेला मनुष्य उद्यां राज्यकारभारांत वांटा मागतो, हें राज्यकर्ते पक्कें ओळखून होते. आमच्या पणजोबांनीं जो हक्क मागून मिळाला नाहीं, तो आज एका मराठी मुलास परक्या भूमींत नागरिक म्हणून सहज मिळत आहे; आणि आपण त्याला तो नको असें सांगावें काय ? जो समाज सेवा दुसऱ्यांवर सोंपवितो, त्याला दुसरे लोक पाहुणा समजतात. आणि पाहुण्याला घरच्या मसलतींत कोणी बोलावीत नाहीं.

या गोष्टीचा आमच्या घरच्या व्यवहाराशींहि संबंध आहे. मुंबई इलाख्यांत डिसेंबर १९४६ मध्यें होमगार्ड निघाले. १९४८ च्या कायद्यानें राष्ट्रीय छात्रसेना स्थापन झाली आणि १९५० सालीं तिची वायुशाखाहि निघाली. तीं कामें चांगलीं आहेत. परंतु कॉलेज सुटलें कीं छात्रसेना सुटते, आणि पुढें तीस-चाळीस वर्षें धंद्यांत मुरलेला, कर्ता, शहाणा नागरिक संकटाच्या वेळीं काय करावें हें न कळून नुसता उभा राहतो. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा-वारणेला महापूर आला, तेव्हां सांगली-कोल्हापूरच्या लोकांनीं माणुसकीची शर्थ केली हें आम्हीं पाहिलें. पण त्याच पुरांत ब्रह्मनाळ येथें माणसांनीं खचून भरलेली नाव उलटली आणि जे वांचावयास निघाले होते त्यांतलेच अनेकजण बुडाले. तेथें धैर्याची वाण नव्हती. नावेंत किती माणसें घ्यावीं, कोणास आधीं न्यावें, प्रत्येकाच्या अंगावर तरंगण्याचें जाकीट आहे कीं नाहीं, हें पाहणारी व तीं पाहण्याची संवय झालेली माणसें हवीं होतीं. ती संवय पूर आल्यावर लागत नाहीं. ती कोरड्या दिवसांत, कंटाळवाण्या बैठकींत व पुनःपुन्हा केलेल्या सरावांत लागते.

म्हणून अमेरिकेचें उदाहरण आम्हांस विमानांकरितां महत्त्वाचें वाटत नाहीं. गांवच्या शिक्षकाला, दुकानदाराला, कारकुनाला नियमानें शिकवून, तपासून, नोंद ठेवून, संकटाच्या पहिल्या तासाला उपयोगीं पडेल असा तयार ठेवणें, हें त्यांतील घेण्यासारखें तत्त्व होय. आमच्या पेठांतील व्यापारी मंडळ्यांनीं मनावर घेतलें तर प्रत्येक नदीकांठच्या शहरांत दोन होड्या, पन्नास जाकिटें व महिन्याकांठीं एक सराव एवढा खर्च जड नाहीं. गोदामांत पाणी शिरल्यावर होणारें नुकसान आमच्याहून त्यांना अधिक ठाऊक आहे. सरकारनें करावें म्हणून वाट पाहणारांनीं १९४२ सालच्या त्या किनाऱ्यावरील माणसांकडे पाहावें; त्यांचा भत्ता उशिरां येई, पण गस्त वेळेवर निघे.

आमच्या वाचक गृहस्थांस आमची एवढीच विनंति आहे कीं, नातवाचें पत्र आलें म्हणजे त्याला होकार कळवावा, गणवेशाचे पैसे आजोबांनींच पाठवावे, आणि स्वतः आपल्या पेठेच्या मंडळींत जाऊन येत्या पावसाळ्यापूर्वीं होडीचा विषय काढावा. भाकऱ्या भाजण्याचें काम दोघांनाहि पुरून उरेल.